बोडीतली रोवणी

कोसमटोली, ता. नागभीड
१० नोव्हेंबर २०२४

चि. लहानूस बाईचा सप्रेम जय भीम. राजदीप, हर्षा आणि पोरांना आशीर्वाद.

इकडे मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तुला फोन करून काही कळायची सोय राहिली नाही. परवा मी विचारलं, "तब्येत कशी आहे?" तर तू म्हणालास, "सात पोते." तीस वर्षं वडशाच्या राईस मिलमध्ये कान घालवून बसलास, आता अडुसष्ट वर्षांच्या बहिणीनं चष्मा पुसून पत्रं लिहायची! हर्षा गुणाची आहे, पण प्रत्येक गोष्ट सुनेला मध्ये घालून भावाशी किती बोलणार? अंगणवाडीत छत्तीस वर्षं रजिस्टरं भरली, त्यामुळे अक्षर अजून शाबूत आहे. तेवढं पाहून घे.

आईच्या धानाची जात, आपली मैनाकाठी, यंदा छान पिकली. निसवून लोंब्या आल्या त्या आठवड्यात बांधावरून जाणारा माणूस वासानं थबकायचा. कापणी पंधरा दिवसांत होईल. यंदा माझ्याकडचं बी तुझ्याकडे जायची पाळी आहे, विसरला नसशील. मागच्या खेपेला, एकवीस साली, तुझ्याकडून आलं होतं. झोडणी झाली की हर्षाला पाठव. बुद्धपौर्णिमेला आईच्या पद्धतीनं दोन्ही घरचं बी एका कणगीत कालवून टाक, दाणाही वेगळा ठेवायचा नाही. एक घर बुडालं तरी दुसऱ्या घरात आईचं धान राहिलं पाहिजे, हे तिचं म्हणणं आपण पन्नास वर्षं पाळलं. दुसरं काही पाळलं असेल नसेल.

धानोऱ्याकडच्या लालसूचा मलाही फोन आला होता. त्यांच्या गावच्या चाळीस घरांनी दुकानाचं बियाणं घेता घेता स्वतःचं जुनं धान घालवलं, आणि आता तुझ्याकडे मैनाकाठी मागतात. तू येत्या मृगाला देतो म्हणालास. चांगलं केलंस. आई असती तर तिनं तुझी पाठ थोपटली असती आणि मग मोजमापात चूक काढली असती.

लिहिण्यासारखं आणखी एक आहे.

आपल्या बोडीत, गावालगतच्या त्या तळ्यात, देवधान उगवतं, ते तुला आठवतच असेल. कुणी न पेरता पाण्यात आपसूक येणारं, लांब कुसळाचं, पिकायच्या आधीच गळणारं धान. लहानपणी आपण टोपली धरून झोडायचो आणि घरी येईपर्यंत निम्मं सांडायचो. यंदा ते गळलं नाही. आमची सगळी वावरं पिवळी झाली तरी बोडी हिरवीगार उभी आहे, आणि दाटली इतकी आहे की काठावरून पाणी दिसत नाही. मासोळ्यांच्या संस्थेच्या अंकुशनं भाद्रपदात मासोळ्यांचं बीज सोडायच्या आधी बोडीत तणनाशक मारलं. मारायला नको होतं, पण मारलं. आठ दिवसांनी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, कमळ मेलं, लव्हाळा मेला, गवत सडलं. मासोळ्या बी उलट्या तरंगल्या. हा धान काऊन मेला नाई?"

दवा जुनी असेल, मी म्हटलं.

पण मी जाऊन पाहिलं. लहानू, आपसूक उगवलेलं धान कसं येतं? इथे पुंजका, तिथे पुंजका. हे रांगेत आहे. रोवल्यासारखं, हातानं लावल्यासारखं. माझ्यासोबत रोवणी करणाऱ्या बायाही पाहून आल्या, आणि "कोनं रोवलं वो बाई हे?" एवढंच विचारून परतल्या. रोवताना बाई वाकून मागे मागे सरकते, त्यामुळे रांग कुठून सुरू झाली ते रोवणाऱ्या बाईला बरोबर कळतं. ही बोडीच्या मधोमध, जिथे डोक्याएवढं पाणी असतं, तिथून सुरू झाली आहे आणि काठाकडे येते आहे. दोन रोपांत अंतर चार बोटांचं. आमची रोवणी वीतभराची असते.

लाटांनी बी तसं लागलं असेल. वारा एकाच बाजूनं येतो ना.

वामनरावाच्या वावराशी याचा संबंध नसावा. तेच, तीन वर्षांपूर्वी कंपनीनं भाड्यानं घेऊन हिरवी जाळी लावलेलं, बोडीला लागून असलेलं. त्यांचं धान म्हणे असं होतं की तणनाशक मारलं तर सगळं मरतं आणि धान तेवढं उभं राहतं. एक हंगाम घेतला आणि जाळी, पाटी, चौकीदार सगळं घेऊन गेले. मी तिथे रोवणीला गेले तेव्हा तू मला पेन्शनीत बसायला सांगितलं होतंस. दुप्पट मजुरी होती रे, आणि बाया म्हणाल्या, तुम्ही पुढे असाल तरच आम्ही येतो.

असो. डाव्या गुडघ्याला मोहाचं तेल लावते आहे. तू कानाला काही लावू नकोस, डॉक्टरला दाखव.

तुझी,
बाई


कोसमटोली
६ मे २०२५

चि. लहानू, जय भीम.

आज आशीर्वाद वगैरे मागाहून. आधी हे वाच. पौर्णिमेला बी कालवू नकोस. जानेवारीत हर्षा नेऊन गेली ते माझं पोतं बाजूला ठेव, तोंड शिवून ठेव. तुझ्या कणगीला लावू नकोस.

आता कारण सांगते. मला वेडी म्हणायचं तर पत्र संपल्यावर म्हण.

संक्रांतीनंतर अंकुशच्या घरच्यांनी बोडीतलं देवधान कापलं. सगळेच नको म्हणत होते, पण फुकटचं धान कोण सोडतं? त्यांनी मला पायलीभर तांदूळ आणून दिले. मी शिजवले. झाकण काढलं. आईच्या भाताचा वास होता. मैनाकाठीचा. देवधानाला कधी वास असतो का? बोडीखालीच माझं वावर आहे, दोन्ही एकाच वेळी निसवतात, हे मला तेव्हा सुचलं. त्याचा फुलोरा इकडे, इकडचा तिकडे. आपल्या धानाचा वास बोडीत गेला असेल, तर बोडीतलं काय आपल्या धानात आलं?

मी तो भात खाल्ला. तू विचारशील म्हणून सांगते, पोटात काही झालं नाही. चव चांगली होती. नंतर मात्र मी अंगणात बसून रडले, आणि का ते तेव्हा धड कळलं नाही.

मार्चमध्ये अंकुशकडून उरलेलं तणनाशक मागून आणलं. फुटक्या घमेल्यात माती भरून हर्षाला दिलेल्या धानातलेच, माझ्या कणगीतले, दोनशे दाणे पेरले. मोजून. रोपं वीतभर झाल्यावर फवारलं. रोज सकाळी जाऊन हजेरी घ्यायची, जुनी सवय. चौथ्या दिवशी शेंडे पिवळे, दहाव्या दिवशी सगळी आडवी. सगळी म्हणजे एकशे पंच्याण्णव. पाच उभी होती. नुसती उभी नाही, वाढलेली.

पुन्हा दोनशे पेरले. या वेळी सात.

म्हणजे शंभरात तीन. तुला हे थोडे वाटतील, पण बी निवडण्यात जन्म गेला आहे तुझा, शंभरातले तीन तीन वर्षांत किती होतात ते मी तुला सांगावं असं नाही. त्यात आपलं धान एकट्याचं राहिलेलं नाही. लालसूच्या गावाकडे प्रत्येक नाल्यात देवधान आहे, पोरंबाळं पावसाळ्यात त्यावर निभावतात. तिथे हे गेलं तर परत बोलावता येणार नाही. उद्या कुणी तपासायला आलं तर बिनपरवान्याचं चोरबियाणं लावलं म्हणून त्या चाळीस घरांना धरतील. कंपनीचा फोन मी लावून पाहिला. तो नंबर आता कुणाचाच नाही.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, कळत नाही. ती पाच रोपं बोडीकडे झुकलेली होती. मी घमेलं फिरवून ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा तिकडेच. उन्हाकडे झुकत असतील. सकाळचं ऊन तिकडून येत नाही, पण दुपारनंतर येतं.

बोडी आता आटली आहे. भेगा पडल्या आहेत आणि त्या भेगांत ते कापलेलं धान पुन्हा फुटून उभं आहे, मे महिन्यात, पाण्याशिवाय, हिरवं. म्हशी खाली उतरत नाहीत. वारा नसताना तिथून सळसळ येते, भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना. रांग काठावर चढली आहे. शेवटचं रोप मी पाहिलं ते पाळीच्या, म्हणजे बोडीच्या बांधाच्या, अलीकडच्या बाजूला होतं, माझ्या न्हाणीपासून वीस पावलांवर.

बोडीत ते मुळात आलं कसं, ते मला माहीत नाही. वाऱ्यानं, पाखरांनी, पुराच्या पाण्यानं. काहीही असू शकतं.

पौर्णिमेला कालवू नकोस, लहानू.

बाई


कोसमटोली
३१ मे २०२५

लहानू,

जय भीम कोणत्या तोंडानं लिहू?

या पाकिटात तीन पत्रं आहेत. पहिली दोन मी टाकलीच नाहीत. पहिलं नोव्हेंबरपासून आणि दुसरं या महिन्याच्या सहा तारखेपासून माझ्या पत्र्याच्या पेटीत होतं. तारखा पाहा. दुसरं वेळेवर पोचलं असतं. बारा तारखेला पौर्णिमा होती. मी सात तारखेला नागभीडला जाणाऱ्या गाडीत बसले, पोस्टासमोर उतरले, रसवंतीत रस प्यायले आणि पत्र घेऊन परत आले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी हर्षाचा फोन आला. "आत्याबाई, मामंजीनं बी कालवलं. खीर मस्त झाली. अख्ख्या मोहल्ल्यात वास सुटला." मी म्हणाले, "बरं झालं." लहानू, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले. फोनच्या दुसऱ्या टोकाला तिच्याजवळच तू होतास, आणि मी बरं झालं म्हणाले.

आता जे दुसऱ्या पत्रात माहीत नाही म्हटलं, ते लिहिते.

बोडीत ते धान मी लावलं.

कंपनीच्या वावरातली रोवणी त्या वर्षी सगळ्यात शेवटी झाली. संपली तेव्हा त्यांच्या साहेबानं उरलेल्या रोपांच्या पेंड्या मोजल्या, खड्ड्यात टाकून डिझेल ओतून जाळल्या. आम्हाला पाय धुवायला लावले, पिशव्या झटकल्या. एक पेंडी मी अंगावर घेतलेल्या प्लॅस्टिकच्या पन्नीच्या घडीत ठेवली होती. पावसात कोण म्हातारीची पन्नी उलगडून पाहतं? संध्याकाळी बोडीत गुडघाभर उतरून मी ती रोवली.

शेवटची पेंडी पाण्याला द्यायची, हे गावातल्या बाया करतात हे तुला ठाऊक आहे. शेवटच्या वावरातलीच लागते, दुसरी चालत नाही. तू म्हणशील, दीक्षा घेतलेल्या घरची बाई, बावीस प्रतिज्ञा पाठ, आणि पाण्याला पेंडी देते! याच भीतीनं पत्र पेटीत राहिलं. मी बोडीला भ्याले त्याहून जास्त तुझ्या तोंडाला भ्याले. नव्या बियाण्याची गोष्ट सांगायची तर ही सांगावी लागली असती, आणि ही सांगायची तर आईची सांगावी लागली असती.

आईसुद्धा द्यायची.

छप्पनमध्ये दीक्षा घेतल्यावर तिनं सोडलं होतं. मग एकाहत्तर साली, रोवणी संपली त्याच दुपारी, आपली धाकटी बहीण चंदा बोडीत बुडून गेली. पाच वर्षांची. तू नऊ-दहाचा होतास, तुला मामाकडे पाठवलं होतं. बाया आईच्या तोंडावर म्हणाल्या, "पाणी उपाशी राह्यलं." पुढच्या वर्षी रोवणी संपल्यावर ती मला सोबत घेऊन बोडीत उतरली. म्हणाली, "लहानूले सांगू नको. तो शिकून राह्यला." ती गेल्यावर मी दिली. दर वर्षी. पंधरा वर्षं दिली नव्हती तेव्हा पाणी गप्प कसं होतं, असं तू विचारशील. तुझं बरोबर आहे. मी स्वतःलाही हेच विचारलं आहे, आणि तरी दर वर्षी उतरले आहे.

आजवर कधी काही बिघडलं नाही, कारण ती पेंडी आपल्याच गावच्या धानाची असायची. दोन महिन्यांत ती बोडीतच मिसळून जायची. ही मिसळली नाही.

आणि त्या रांगेचं. चंदा आईसोबत वावरात यायची तेव्हा बांधावरच्या डबक्यात हरळी रोवत बसायची, आठवतं? आमच्यासारखीच वाकून, पाठमोरी सरकत. तिचा हात चार बोटांचा होता, म्हणून तिची रोवणी दाट. आई हसायची. मी नोव्हेंबरात ते अंतर बोटांनी मोजलं तेव्हाच मला हे आठवलं होतं. पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. लाटांनी बी तसं लागलं असेल, हे मी आजही म्हणते. पण काल सकाळी न्हाणीच्या मोरीत तीन रोपं दिसली. एका ओळीत, चार बोटांवर. मी ती उपटली नाहीत. तिथे बसून आंघोळ केली आणि पाठ त्यांच्याकडे केली नाही.

तू यातलं अर्धं खोटं धर. चंदाचं खोटं धर. पण घमेल्यातल्या दोनशेपैकी पाच खरी आहेत, ती तुझ्या अंगणातही उभी राहतील. शेजारची पुनम उद्या सकाळच्या गाडीनं वडशाला कॉलेजच्या कामाला येते, तिच्या हाती हे पाकीट आणि उरलेल्या दवेची बाटली देते आहे. पेरून बघायला आता वेळ नाही, ते नंतर बघ. लालसू पाच तारखेला येतो आहे. त्यानं मलाही फोन केला होता. "बाई, आमची म्हातारी रोज विचारून राह्यली, तो वासाचा धान कधी येते म्हणून. तिले लहानपनचा वास आठवते." हे ऐकल्यावरही मी त्याला काही बोलू शकले नाही. आता तुला बोलावं लागेल. त्याला रिकामं पाठव. का ते सांग. माझं नाव घेऊन सांग, पेंडीसकट सांग. आज मला त्याची लाज वाटत नाही, किंवा वाटते, पण सांग.

आणि कणगीतलं सगळं उकड. धान उकडून उसना तांदूळ करणं तुला शिकवावं असं नाही. उकडलेला दाणा उगवत नाही, खायला चालतो. घरात खा, वाटून टाक, पण त्यातला एकही दाणा मातीत जाऊ देऊ नकोस. माझ्याकडचं मी काल उकडलं. सकाळपासून तीन हंडे चढवले. वास सुटला आणि बाया विचारायला आल्या की रुखमाबाई, कोनाचं लगन हाय? मी म्हटलं, आईचं धान संपवते आहे. त्या बसल्या आणि मला लाकडं सारू लागल्या. साठ-सत्तर वर्षं आईनं आणि आपण जे राखलं ते एका दिवसात शिजलं. पातेल्यात ते नेहमीसारखंच दिसत होतं, त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

पुढच्या रोवणीला मी जाणार नाही. बोडीत उतरणार नाही. पाण्यानं काय मागायचं ते मागावं.

एक गोष्ट राहिली, आणि ती लपवली तर या पत्राला काही अर्थ नाही. सगळं उकडलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. शेवटचा हंडा चढवताना मी एक मूठ बाजूला काढली. का काढली, हे मला विचारू नकोस. रात्रभर ती पदराला बांधून झोपले. सकाळी चुलीपाशी बसले, गाठ सोडली, पुन्हा बांधली. शंभरात सत्त्याण्णव आईचे आहेत, लहानू. फक्त कोणते ते आता मलाही ओळखता येत नाही.

ती मूठ या पाकिटात आहे, कागदाच्या पुडीत. माझ्याच्यानं ती आगीत टाकवली नाही. तू टाक.

तुझी अपराधी,
रुखमाबाई